टोपीखालची शांतता

उस्ताद वजदींचं मत आजवर कोणी विचारलं नव्हतं. सारी हयात सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली, आणि मुद्रितं तपासणाऱ्याला लोक चुका विचारतात, मत नाही. घरात मत असे ते नजातबाईंचं. ते एकच असलं तरी दोघांना पुरून उरे. म्हणून पुतणी रीहाम एक गुळगुळीत पांढरी डबी पुढ्यात ठेवून म्हणाली, "काका, मला यावर तुमचं मत हवंय," तेव्हा उस्तादांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे फक्त फ्रिज होता.

डबीत दोन इअरबड्स होते. असल्या वस्तू वापरून बघायच्या आणि त्या घ्याव्यात की न घ्याव्यात हे इंटरनेटवर सांगायचं, हा रीहामचा उद्योग. लोक म्हणे तिचं ऐकतात. उस्तादांना याचं नवल वाटे, कारण घरात रीहामचं कोणी ऐकत नसे. हे इअरबड्स भारीतले होते. कानात घातले की भोवतीचा गोंगाट मारून टाकतात असा कंपनीचा दावा होता, आणि दाव्यात पाणी किती हे बघायला कंपनीने ते रीहामकडे थोड्या दिवसांसाठी पाठवले होते.

"बाकीचे लोक एसी लावलेल्या बंद खोलीत बसून तपासतात," रीहाम म्हणाली. "तिथे मारायला आवाजच नसतो. काका, अख्ख्या कैरोत तुमच्या गल्लीच्या तोडीची गल्ली नाही."

शुब्र्यातल्या त्या गल्लीचा असा गौरव पूर्वी कोणी केला नव्हता, पण खोटा नव्हता. गच्चीवर हाजी शौकत यांचा कोंबडा होता, आणि पहाट केव्हा होते याबद्दल त्याची स्वतःची काही मतं होती. वरच्या मजल्यावर हिशामची आई सतरंज्या झोडपायची, त्या अशा की सतरंजीने तिचं काहीतरी वाकडं केलं असावं. समोर कॉफीहाउसचा टीव्ही. मधून मधून गॅसवाला सिलिंडरवर पाना बडवत जायचा. आणि या सगळ्यांच्या वर, म्हणजे जागेने खाली पण आवाजाने वर, तळमजल्यावर उस्ता दर्दीरीचं (कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात) ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप. त्याची करवत लागली की उस्तादांच्या घरातले चहाचे पेले ट्रेमध्ये थरथरू लागत.

हा दर्दीरी उस्तादांचा मित्र. जगातला एकुलता एक. लाजऱ्या माणसाला मित्र निवडता येत नाही, मित्रालाच त्याला निवडावं लागतं. दर्दीरीने पार पूर्वी, उस्ताद या इमारतीत राहायला आले तेव्हा, त्यांच्या हातातला पुस्तकांचा खोका काढून घेतला होता आणि विचारलं होतं, "ताव्ला खेळतोस का?" तेव्हापासून रोज दुपारी करवत थांबे, वर्कशॉपच्या दाराशी दोन स्टुलं येत, मध्ये ताव्ल्याचा पट उघडे, आणि दोघे फासे टाकत बसत. उस्ताद रोज हरत. रोज उद्याची आशा धरत. सकाळी ते भाकरी आणायला निघाले की दर्दीरी करवतीच्या वरताण आवाजात ओरडे, "सकाळ मोगऱ्याची, उस्ताद!" त्यावर उस्तादांनी म्हणायचं, "सकाळ सायीची, दर्दीरी!" कोणी मोगरा दिला की आपण साय द्यावी, उजेड दिला की मोगरा द्यावा, मिळालेल्याहून कमी गोड उत्तर देणं हा आमच्याकडे कद्रूपणा समजतात. उत्तरच न देणं याला तर नावच नाही, कारण ते सहसा कोणी करत नाही.

पहिली तपासणी घरात झाली. डावा बड उस्तादांच्या कानातून निसटून थेट मुलूखियाच्या, म्हणजे पालेभाजीच्या, रश्शात पडला. नजातबाईंनी तो पळीने काढला, धुतला, पुसला आणि म्हणाल्या, "अहो, मी एवढी वर्षं बोलत आले, तेव्हा तुम्हाला काही ऐकू न येण्यासाठी यंत्र लागलं नाही." दुसऱ्या दिवशी त्या बहिणीकडे तांत्याला गेल्या. त्या गेल्या नसत्या तर ही गोष्ट घडलीच नसती, असं पुढे त्यांनीच अनेकदा ऐकवलं.

रीहामने बड्स चालवायचे दोन प्रकार समजावून दिले होते. बोटाने कानापाशी हलकेच दाबलं की टुक् असा आवाज होई आणि सगळं जग बंद. पुन्हा दाबलं की टुक्, आणि जग चालू. इतकं सोपं होतं की उस्तादांना संशय आला. शिवाय त्यांना लाज वाटत होती. या वयात, पेन्शनीत निघालेला माणूस, पोरासोरांसारखा कानात पांढरी बोंडं घालून हिंडतो, हे गल्लीने पाहिलं तर काय म्हणेल? सुदैवाने थंडी पडली होती आणि नजातबाईंनी विणलेली लोकरी टोपी कानांवर ओढायची त्यांना सक्त ताकीद होती. टोपी कानांवर, बड्स टोपीखाली. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

पहिल्या सकाळी जिना उतरून त्यांनी कान दाबला. टुक्.

असलं काही त्यांच्या आयुष्यात झालं नव्हतं. करवत फिरताना दिसत होती पण वाजत नव्हती. मायक्रोबस तोंड उघडून गेली आणि हूं की चूं नाही. उस्तादांना वाटलं, आपण सगळा मजकूर पुसलेल्या एका कोऱ्या पानावरून चालतोय. सवयीप्रमाणे मान खाली घालून ते भट्टीपर्यंत गेले आणि परत आले. घरी आल्यावर मात्र मनात काहीतरी सलू लागलं. आज कोणी आपल्याला सलाम केला नाही. दर्दीरीनेसुद्धा नाही.

आता कोणीही शहाणा माणूस दोन आणि दोन चार करील. पण उस्ताद पडले आत्मशंकेचे भक्त. आपल्याला ऐकू आलं नसेल हा विचार त्यांच्या डोक्याला शिवला नाही. आपली किंमत कमी झाली असेल हा विचार मात्र दारातच उभा होता. पेन्शनीतला माणूस म्हणजे छापून झालेलं मुद्रित, त्याला कोण विचारतो, असं म्हणून त्यांनी उसासा टाकला. दुसऱ्या सकाळीही कोणी बोललं नाही. तिसऱ्या सकाळी त्यांनी मुद्दाम दर्दीरीच्या दारावरून सावकाश पावलं टाकली, पण मान वर करून बघायचा धीर झाला नाही. आपण बघावं आणि त्याने तोंड फिरवावं, यापेक्षा न बघणं बरं. दर्दीरी त्या वेळी हातातली खिडकी खाली ठेवून, दोन्ही हात तोंडाशी धरून, नरडं फाटेस्तोवर मोगऱ्याची सकाळ ओरडत होता, हे त्यांना फार उशिरा कळलं.

दोन दुपारी शंकेपायी टाळल्यावर त्या दुपारी ते बड्स काढून खेळायला उतरले. स्टुलं मांडलेली नव्हती. दर्दीरी पाठमोरा उभा राहून पट्ट्या मोजत होता.

"दर्दीरी, आज पट नाही काढलास?"

दर्दीरीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. म्हणाला, "आपल्याला वेळ असतो, सर. आम्हाला कामं असतात."

आपल्याला! सर! शिवी दिली असती तर उस्ताद स्टूल ओढून बसले असते. ते तसेच वर गेले, या खोलीतून त्या खोलीत फिरले, शेल्फातलं एक पुस्तक काढून उलटं धरून वाचलं आणि परत ठेवलं. आपलं काय चुकलं? मागच्या आठवड्यात फासे टाकायला फार वेळ लावला होता, ते का? त्याच्या मुलीच्या साखरपुड्यात बासबूसा, रव्याची ती गोड वडी, दुसऱ्यांदा मागून घेतला होता, ते का? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि कोंबड्याने दोनदा वेगवेगळ्या वेळी पहाट केली.

अशा अस्वस्थपणात माणसाने घरी बसावं. उस्ताद विभाग कचेरीत गेले. बाल्कनीत एका झाडाची फांदी घुसली होती आणि ती तोडायला परवानगी लागत होती. शिवाय रीहामने गर्दीच्या ठिकाणी बड्स वापरून बघा म्हणून सांगितलं होतं. एका कामात दोन कामं करायला जाऊ नये, दोन्ही बिघडतात. कचेरीत झाडं, गोंगाट आणि बिनपरवान्याचे धंदे या तिन्हींचं एकच टेबल होतं. सरकारला या तिन्हींत काय साम्य दिसलं ते सरकार जाणे. शिपाई दारात येऊन नाव पुकारी, नाव असलेल्याने उठायचं. उस्तादांनी बाकावर बसून कान दाबला आणि इतका वेळ शांत बसले की शिपायाने त्यांचं नाव पुकारलं, परत पुकारलं, मग नावापुढे शेरा मारून पुढचं घेतलं. कचेरी बंद झाली तेव्हा झाडूवाल्याने त्यांना हलवलं. तो झाडत असतानाही त्यांच्या मनात एवढंच होतं की गर्दीत यंत्र उत्तम चालतं, हे रीहामला सांगायला हवं.

दुर्दैवाने हिशामच्या आईचा दीर त्याच कचेरीत चहा प्यायला असे. म्हणजे तो तिथला नोकर होता, पण चहा प्यायला असे हे जास्त खरं. त्याने पाहिलं ते वहिनीला सांगितलं: तुमचे खालचे उस्ताद दिवसभर गोंगाट आणि बिनपरवाना धंद्यांच्या टेबलासमोर बसून होते, हललेसुद्धा नाहीत, असा निर्धार मी बघितला नाही.

त्यानंतरच्या दोन दिवसांत यंत्राने कमालच केली. सकाळी बाल्कनीत बसलं तरी करवत नाही, सतरंजी नाही, टीव्ही नाही. कोंबडासुद्धा नाही. रीहामच्या यंत्राने आता माणसांबरोबर पक्षीही मारायला घेतले होते. उस्तादांनी कौतुकाने बड्स काढून हातात घेतले आणि डबीत ठेवायला गेले, तर डबीवरचा दिवा लागेना. रीहामने चार्ज करायला बजावलं होतं आणि ते विसरले होते. बड्स रात्रीपासून मेलेले होते.

आणि तरी शांतता होती.

उस्ताद उठून उभे राहिले. बड्स हातात, कानात काही नाही, आणि गल्लीतून आवाज म्हणून नाही. त्यांना दरदरून घाम फुटला. यंत्राने कान खाल्ले! त्यांनी टाळी वाजवली. वाजली खरी, पण ती आपण ऐकली की आपल्याला आठवली, हे कळेना. ते खोलीभर येरझारा घालू लागले. बहिरा माणूस रीहामला मत कसं देणार, दर्दीरी कधी बोललाच तर ऐकणार कसं, पेन्शन कचेरीत पुकारा झाला तर काय करणार, असे नाना विचार करत असताना दार उघडलं आणि तांत्याची पिशवी आपटत नजातबाई म्हणाल्या, "दाराला कडी नाही, ओट्यावर भांडी, आणि स्वतः टोपी घालून फेऱ्या मारताय. बरं आहे."

प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू आलं. उस्तादांना त्या क्षणी बायकोबद्दल जे वाटलं ते लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पण मग गल्लीला काय झालं होतं?

संध्याकाळी उत्तर स्वतःच्या पायांनी आलं. चार्ज झालेले बड्स उस्तादांनी नुकतेच टोपीखाली चढवले होते, कारण रीहामला त्याच दिवशी मत द्यायचं होतं आणि शेवटची खात्री करायची होती. तेवढ्यात बेल वाजली आणि नजातबाईंनी दार उघडलं. दारात बासबूशाचं तबक घेतलेले हाजी शौकत, त्यांच्यामागे हिशामची आई, कॉफीहाउसवाला, आणि सगळ्यांत मागे, जिन्याच्या कठड्याला धरून, उस्ता दर्दीरी. सगळ्यांच्या अंगावर सणाचे कपडे. उस्तादांना बड्स काढायला सवड मिळाली नाही. जग चालू ठेवणारा टुक् तेवढा त्यांनी करून घेतला.

हाजी शौकत इमारतीच्या मंडळाचे प्रमुख. रेल्वेत होते, म्हणून कुठलाही विषय ते वेळापत्रक वाचल्यासारखा मांडत. त्यांनी मांडलं ते असं: उस्ताद रागावले आहेत हे सगळ्यांना दिसतं आहे. आठवडाभर कोणाच्या सलामाला त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांच्यासारख्या मवाळ माणसाने कचेरीत जाऊन तक्रार दिली, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं असणार. म्हणून दोन दिवस गल्लीने करवतीपासून कोंबड्यापर्यंत सगळे आवाज बंद ठेवले. तेव्हा आज सुलह, म्हणजे समेट, करायची, आणि तक्रार मागे घ्यावी, कारण दर्दीरीच्या वर्कशॉपला परवाना राहत्या घराचा आहे आणि कचेरीची माणसं आली तर सील ठोकून जातील.

उस्तादांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सलाम झाले होते! रोज, सगळ्यांचे! त्यांना क्षणभर इतका आनंद झाला की ते हसले, आणि लगेच कळलं की हसणं फार वाईट दिसलं. आता खरं सांगावं तर काय सांगावं? मी कानात खेळणं घालून तुमच्या तोंडावरून गेलो, असं? त्यांनी चाचरत एवढंच म्हटलं, "मी फांदीसाठी गेलो होतो. झाडाच्या."

"हा तुमचा मोठेपणा," हाजी शौकत म्हणाले, आणि फांदीचा विषय तिथेच मिटला.

मग एकेकाने आपापली चूक मोठ्या मनाने कबूल केली. सुलहेची तशी रीतच आहे: रागावलेल्याने कारण सांगायचं नाही, बाकीच्यांनी ओळखायचं. अडचण अशी की प्रत्येकाने आपल्या मनाला जे खात होतं तेच ओळखलं. हाजींनी कोंबड्याची माफी मागितली आणि ओघात हेही सांगितलं की उस्तादांच्या डिशची तार कोंबड्याने नव्हे, त्यांनी स्वतः तोडली होती. कॉफीहाउसवाल्याने साखरेऐवजी काय घालतो ते सांगितलं. हिशामच्या आईने डोळ्याला ओढणी लावली. उस्तादांच्या नव्या कोटावर ब्लीचचं पाणी चौथ्या मजल्यावरून पडलं नव्हतं, तिच्या बादलीतून पडलं होतं. हे ऐकून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या नजातबाईंचे डोळे बारीक झाले, कारण त्यांनी त्या कोटापायी चौथ्या मजल्याशी बोलणं टाकलं होतं.

शेवटी दर्दीरी उठला. "तुमचा हक्क माझ्यावर आहे," असं म्हणायचं, रागावलेल्याचं मस्तक चुंबायचं, आणि त्याने म्हणायचं, "माफ करणारा उदार." एवढं झालं की मिटलं. दर्दीरी जवळ आला. त्याच्या अंगाला धातूच्या चुऱ्याचा ओळखीचा वास होता. त्याने आपल्या राकट हातांत उस्तादांचं डोकं धरलं, दोन्ही कानांवरून, घट्ट.

टुक्.

खुर्च्यांची करकर गेली, चमच्यांची किणकिण गेली, नजातबाईंचा घसा खाकरणं गेलं. पण दर्दीरीचं तोंड कानाशी होतं, आणि या यंत्राची खोड अशी निघाली की ते करवत गिळतं, मोटार गिळतं, पण अगदी कानाशी बोललेला माणसाचा शब्द त्याला गिळवत नाही. लांबून फोनवर यावा तसा बारीक, स्पष्ट आवाज उस्तादांना आला.

"वजदी, कचेरीचं नंतर बघ. आधी हे ऐक. मी फासे चिमटीत धरून हवं ते दान पाडतो. पहिल्या दिवसापासून. मला तुला एकदाच हरवायचं होतं, मग सवय लागली."

दर्दीरी मागे सरकला आणि उत्तराची वाट पाहू लागला.  ते सगळे डाव उस्तादांच्या डोळ्यांपुढून गेले, ती दुहेरी सहांची दानं, ती उद्याची आशा. म्हणजे आपण वाईट खेळत नव्हतो! राग आला, मग त्याच्या पाठोपाठ काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, मग परत राग. 'माफ करणारा उदार' म्हणायचं राहूनच गेलं. हाजी शौकत काहीतरी बोलत होते, त्यांचे ओठ हलत होते. दर्दीरीने खाली पाहिलं.  मग तो वळला आणि दाराकडे चालू लागला.

नजातबाई स्वयंपाकघरातून तीरासारख्या आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी ओढून काढली.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "हा तुमच्या उस्तादांचा राग. कानात बोळे घातलेत पुतणीचे. आठवडाभर यांना सलाम ऐकू आलेला नाही, आणि आत्ता उस्ता काय बोलला तेही नाही."

सगळे पुढे वाकून बघू लागले. उस्तादांनी लाजून बड्स काढले. जग एकदम आत आलं.

"म्हणजे तू रागावलाच नव्हतास?" दर्दीरी दारातून म्हणाला. तो परत 'तू'वर आला होता, आणि हे त्याच्या आधी उस्तादांच्या लक्षात आलं.

"नाही. मला वाटलं तूच रागावलायस."

"आणि तक्रार?"

"फांदी, दर्दीरी. बाल्कनीतली."

यावर हसू फुटायला हवं होतं, पण आधी फुटला तो गलका. हिशामची आई म्हणाली की मग तिचं बादलीचं बोलणं धरू नये. नजातबाई म्हणाल्या की धरलं आहे. हाजींनी तारेचा विषय मंडळाच्या पुढच्या बैठकीवर ढकलला आणि कॉफीहाउसवाला साखरेबद्दल आपण बोललोच नाही असं शपथेवर सांगू लागला. बासबूसा मात्र परत नेता येईना, कारण तो या धामधुमीत संपला होता.

लोक पांगले तेव्हा दर्दीरी रेंगाळला. "मी मघाशी बोललो ते," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तुला काहीच ऐकू आलं नाही?"

उस्तादांनी हातातल्या बड्सकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं मत कोणालातरी इतकं हवं होतं.

"यंत्र फार चांगलं आहे, दर्दीरी," ते म्हणाले. "काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. माफ करणारा उदार, तेवढं मात्र राहून गेलं होतं म्हणायचं."

रीहामला त्यांनी फोनवर खरं ते सांगितलं: करवत, मोटार, कोंबडा, एकदम उत्तम, पण कानाशी बोललेलं आत येतं, त्यावर इलाज नाही. रीहामने तसंच लिहिलं. लोकांना ते फार आवडलं म्हणे. डबी आली तशी गेली.

दुसऱ्या सकाळी करवत सुरू झाली, पेले थरथरले, सतरंजी झोडली गेली. उस्ताद टोपी न घालता जिना उतरले.

"सकाळ मोगऱ्याची, उस्ताद!"

"सकाळ सायीची, दर्दीरी!"

दुपारी स्टुलं मांडलेली होती. पटाशेजारी दर्दीरीने चहाचा एक रिकामा पेला ठेवला होता. "थंडीने बोटं दुखतात," तो म्हणाला. "आजपासून फासे पेल्यात हलवून टाकू. दोघांनीही."

"चालेल," उस्ताद म्हणाले. त्यांनी सोंगट्या लावल्या.  इतक्या वर्षांचं सगळं देणं आज एका डावात वसूल होणार होतं, आणि तेही कोणाला न दुखावता. त्यांनी पेला हलवला आणि फासे टाकले. दोन आणि एक. दर्दीरीने पेला हलवला, डोळे मिटून फासे टाकले. सहाची जोडी.

ते हरले. दुसरा डाव हरले. तिसरा तर फार वाईट हरले. दर्दीरी ओशाळून पेल्यात बघत होता, जणू चूक पेल्याची होती.

उस्ताद घरी आले आणि शेल्फासमोर उभे राहिले. आजवर हरण्याला एक कारण होतं, आणि ते त्यांना माहीत नव्हतं. आता माहीत झालं, आणि कारण उरलं नव्हतं. खालून करवतीचा आवाज येत होता. त्यांनी तो बराच वेळ ऐकला, मग नजातबाईंना विचारलं, उद्या दुपारचं जेवण जरा लवकर मिळेल का.